स्पर्धा की शिबिर? कोकणातल्या गाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या पट्ट्यात शास्त्रीय गाणे शिकणाऱ्या मुलाला एखाद्या व्यावसायिक कलाकारासमोर बसून गाण्याची संधी वर्षातून एकदोनदाच मिळते. पुण्या-मुंबईच्या मुलाला मैफल संपल्यावर कलाकाराला भेटता येते, कोणाच्या तरी तालमीला कोपऱ्यात बसून ऐकता येते. इकडे त्यासाठी आंबा किंवा कुंभार्ली घाट चढावा लागतो, नाहीतर रात्रीची गाडी पकडावी लागते. संधी मोजक्या असल्यामुळे ती कोणत्या रूपात येते आहे, हे आधी पाहणे आवश्यक ठरते. साधारणतः दोन रूपे दिसतात. स्पर्धेत कलाकार परीक्षक म्हणून येतो आणि दोन-तीन दिवसांच्या शिबिरात तोच कलाकार मार्गदर्शक म्हणून येतो. सुट्टी आणि पैसा यांचा मेळ घालताना दोन्ही जमत नसतील तर काय निवडावे, हा या लेखाचा विषय आहे.

स्पर्धेची बाजू आधी मांडतो, कारण तिला उगाच नावे ठेवण्याची पद्धत आहे. स्पर्धेची तारीख ठरली की घरातला रियाज आपोआप नियमित होतो, हे कोणताही पालक सांगेल. सहा किंवा आठ मिनिटांत छोटा ख्याल, मोजके आलाप आणि ताना बसवताना काय गाळायचे हे मुलाला शिकावे लागते. ज्याच्याशी कधी गाठ पडलेली नाही अशा तबलजीबरोबर समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यावे लागते. पावसाळ्यातली स्पर्धा असेल तर दमट हवेने तबल्याची पुडी उतरलेली असते आणि तो पुन्हा सुरात मिळवेपर्यंत, समोर माणसे बसलेली असताना, शांत राहावे लागते. हे शिक्षण शिबिरात मिळत नाही. शिवाय आपल्याकडे डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी बुवांमधल्या चढाओढीचे, सामने ऐकत मोठी झालेली मुले ईर्षेला बुजत नाहीत. सिंधुदुर्गातल्या मुलाला चढाओढ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नसते.

मर्यादा आहे ती परीक्षकाच्या जागेची. त्याच्यापुढे दिवसभरात तीस-चाळीस मुले गाऊन जातात आणि त्याच्या हातात स्वर, ताल, रागशुद्धता, सादरीकरण असे रकाने असलेला कागद असतो. त्याने तयार झालेले गाणे ऐकायचे, गुण द्यायचे आणि पुढच्या मुलाकडे वळायचे. चूक नेमकी कुठे आहे हे त्याला कळते. पण मुलाला ते कळावे अशी सोय बहुतेक ठिकाणी नसते.

एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. एका स्पर्धेत बारा वर्षांची मुलगी भूप गायली. सूर पक्का, मध्य लयीतला तीनताल चोख, आवाज असा की मागच्या रांगेतली माणसे सरसावून बसली. मात्र आलाप करताना ती धैवतावर, म्हणजे ‘ध’वर, थांबू लागली, तिथेच रमू लागली. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर सा, रे, ग, प, ध हेच आहेत; फरक आहे तो चलनाचा आणि वजनाचा. भूपाचा वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर, गंधार (ग) आहे आणि राग पूर्वांगात, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, फुलतो. देशकाराचा वादी धैवत आहे आणि त्याचे राज्य उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात, आहे. धैवत सुरेख लागतो म्हणून तिने तो कुरवाळला आणि नकळत देशकाराच्या अंगणात जाऊन उभी राहिली. परीक्षकांनी रागशुद्धतेचे गुण कापले, आणि ते योग्यच होते. निकालात नाव नाही एवढेच तिला समजले. घरी परतताना तिच्या आईची खात्री झाली होती की वशिला चालला.

काही महिन्यांनी तीच मुलगी तोच राग घेऊन एका शिबिरात बसली. दुसऱ्या आलापालाच कलाकाराने हात वर करून तिला थांबवले. रागावले नाहीत. ‘ग रे ग, प ग, ध प ग’ एवढेच स्वर तिच्याकडून अर्धा तास म्हणवून घेतले. धैवताला हात लावायचा आणि गंधाराला परत यायचे. मग स्वतः देशकाराचे दोन आलाप गायले आणि म्हणाले, तू मघाशी या घरी गेली होतीस. मुलगी हसली. तिची चूक तिला स्वतःच्या कानांनी ऐकू आली होती.

यावरून शिबिर नेहमीच श्रेष्ठ, असे मात्र समजू नये. मीच एकदा तीन दिवसांचे शुल्क भरून मुलाला घेऊन गेलो होतो. कलाकार दुसऱ्या दिवशी दुपारी उगवले, तोवर त्यांच्या शिष्याने अलंकार (स्वरांचे पलटे) घोटून घेतले, आणि उरलेला बराच वेळ गुरुजींच्या आठवणींत व छायाचित्रे काढण्यात गेला. पंचवीस मुलांच्या शिबिरात प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटे येत असतील तर स्पर्धा परवडली, तिथे निदान मंच तरी मिळतो.

याहून गंभीर अडचण परतल्यावर सुरू होते. कोकणातली पुष्कळ मुले भजन आणि नाट्यगीत यांच्या वाटेने रागसंगीताकडे येतात. त्यांच्या गळ्यात हरकत, म्हणजे झटकन फिरणारी स्वरांची नक्षी, असते, पण एका स्वरावर थांबण्याचा धीर नसतो. किराणा घराण्याचा कलाकार त्यांना एकेक स्वर घेऊन बढत (रागाचा सावकाश विस्तार) करायला लावतो, जयपूर घराण्याचा कलाकार आकार आणि लयीशी बांधलेली तान मागतो, आणि घरचे गुरुजी तिसरेच सांगत असतात. मुलाची ओढाताण होते. यावर मला सापडलेला एकच उपाय असा की घरच्या शिक्षकांनाही शिबिराला सोबत न्यावे, त्यांच्या प्रवासाचा खर्च आपण करावा, आणि त्यांना मागे बसून ऐकण्याची परवानगी आयोजकांकडून आधीच घ्यावी. दोन दिवसांत सांगितलेले वर्षभर गिरवून घेणारे तेच असतात. माझ्या दृष्टीने कलाकाराच्या नावापेक्षा ही एक गोष्ट निवडीत अधिक वजनाची आहे. आयोजक यासाठी नकार देत असतील तर ते शिबिर सोडून द्यावे.

बक्षीस दिले म्हणून परीक्षकालाच गुरू करण्याची घाई अनेक पालक करतात, तिथेही जपून असावे. ऐकणारा पुढे शिकवणारा झाला, याचे मोठे उदाहरण आपल्याच किनाऱ्याजवळचे आहे. गोव्यातल्या कुर्डी गावच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे गाणे जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांनी सांगलीत ऐकले आणि त्यांना तालीम दिली. मात्र ती तालीम प्रत्यक्ष समोर बसून आणि अनेक वर्षांची होती. आज मुंबईचा कलाकार महिन्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर शिकवतो, तेव्हा आवाज पोहोचायला लागणाऱ्या विलंबामुळे दोघांना एका ठेक्यावर एकत्र गाता येत नाही. बंदिशीचे शब्द आणि आलापाची दिशा तेवढी अशा शिकवणीतून मिळते, लय मिळत नाही.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा या तुलनेत मोडत नाहीत. प्रारंभिक ते विशारद हा क्रम अभ्यासाला शिस्त लावतो, म्हणून तो चालू ठेवावा. शिष्यवृत्तीची निवड मात्र लक्षात घेण्याजोगी आहे, कारण तिथे परीक्षण झाल्यावर मिळणारा पैसा शिक्षणाकडेच वळतो. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती १० ते १४ वयोगटासाठी आहे, आणि केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची १८ ते २५ वयोगटासाठी.

वयाचा विचार केल्यास, बारा वर्षांच्या आतल्या मुलासाठी मी शिबिर निवडेन आणि स्पर्धा गावातल्या गणेशोत्सवापुरती ठेवेन. मुलग्याचा आवाज फुटत असेल तर ती एक-दोन वर्षे स्पर्धा पूर्ण टाळावी. त्या काळात पट्टी उतरत राहते आणि सादरीकरणाचे गुण त्याच्या हातात नसतात. सोळानंतर, राग पंधरा-वीस मिनिटे मांडता येऊ लागला की स्पर्धेला जरूर पाठवावे, विशेषतः मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवासारख्या ठिकाणी, जिथे रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या महाविद्यालयांतली मुले मुंबईच्या मुलांबरोबर ऐकली जातात आणि आपण कुठे आहोत हे त्यांचे त्यांनाच समजते.

अर्ज भरण्यापूर्वी आयोजकांना फोन करावा. शिबिर असेल तर मुले किती घेणार आणि कलाकार स्वतः किती तास बसणार, हे विचारावे. स्पर्धा असेल तर निकालानंतर परीक्षक मुलांशी बोलणार आहेत का, हे विचारावे, आणि उत्तर मोघम आले तर त्यांची परतीची गाडी किती वाजताची आहे, तेही विचारून घ्यावे.