सेरीन सायकल की रम्प? एका कार्बनवर जगायचे दोन रस्ते

मिथेन-मिथेनॉलवर जगणाऱ्या बॅक्टेरियाची मेन भानगड म्हणजे फॉर्माल्डिहाइड, विषही तेच आणि कच्चा मालही तेच, म्हणजे तयार झालं की लगेच मार्गी लावायला हवं.

रम्प, म्हणजे रायब्युलोज मोनोफॉस्फेटवाला रस्ता, एकदम सरळ. पाच कार्बनची साखर घ्यायची, तिला फॉर्माल्डिहाइड चिकटवायचं, सहा कार्बनची साखर तयार, आणि असे तीन फॉर्माल्डिहाइड गेले की तीन कार्बनचा एक रेणू हातात. मेथायलोकॉकस, बॅसिलस मेथॅनोलिकस हे याच गटातले. एनर्जीचा खर्च कमी, म्हणून ब्रिटनच्या आयसीआय या केमिकल कंपनीने मिथेनॉलपासून प्रुटीन नावाचं पशुखाद्य बनवलं तेव्हा रम्पवालाच बॅक्टेरिया घेतला होता.

सेरीन सायकल मात्र जरा वाकडी आहे. इथे फॉर्माल्डिहाइडच्या एका कार्बनला ग्लायसिन हे अमिनो आम्ल भेटतं आणि सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल बनतं, पुढे कार्बन डायऑक्साइडही आत घेतला जातो, म्हणजे तीनपैकी एक कार्बन फुकटात, पण त्यासाठी एटीपी आणि एनएडीएच, म्हणजे पेशीची एनर्जी, मोजावी लागते, मग फुकट कसलं! याचा हिरो मेथायलोबॅक्टेरियम एक्स्टॉर्क्वेन्स एएम१, गुलाबी रंगाचा, नावातलं एएम म्हणजे 'हवेतून आलेला मेथायलोट्रॉफ', मेथायलोट्रॉफ म्हणजे मिथेनॉलसारख्या एका कार्बनच्या मालावर जगणारा. ग्लायसिन परत बनवायला ग्लायॉक्सिलेट लागतं, आणि ते बनवणारं आयसोसायट्रेट लायेज हे एन्झाइम याच्यात नाही, मग ग्लायॉक्सिलेट परत बनतं कसं यावर कित्येक वर्षं डोकेफोड चालली, शेवटी एथिलमॅलोनिल-कोए नावाच्या रेणूतून जाणारा वेगळा रस्ता सापडला.

फॅक्टरीत नुसतं प्रोटीन पिकवायचं तर मी रम्प घेईन. वाचायला मजा मात्र सेरीनवालीच.