घरी दागिने करायला कोणती चांदी घ्यावी: ९२५ की ९९९?

९२५मध्ये (हजारात ९२५ भाग चांदी) साडेसात टक्के तांबं असतं आणि ९९९, म्हणजे जवळजवळ शुद्ध चांदी, मऊ असते, एवढं माहीत असल्याशिवाय कोणी चांदीची तार घ्यायला निघत नाही. कापायला, घासायला, भोक पाडायला दोन्हींत फार फरक जाणवत नाही. फरक कळतो तो गॅसचा टॉर्च पेटल्यावर, आणि त्याची किंमत मोजावी लागते पॉलिशच्या वेळी.

९२५चं दुखणं म्हणजे राखाडी डाग. चांदी लालसर तापली की हवेतला ऑक्सिजन तिच्या आत शिरतो आणि पृष्ठभागाखालच्या तांब्याला गाठतो. वर आलेला काळा थर कोमट सायट्रिक ॲसिडमध्ये निघून जातो. वर उरते ती जवळजवळ शुद्ध चांदीची पातळ साय. वस्तू पांढरीशुभ्र दिसते आणि काम झालं असं वाटतं. पण त्या सायीखाली तांब्याचा ऑक्साइड तसाच बसलेला असतो. आम्ल तिथवर पोचत नाही. मग पॉलिशपेपर, मग बफ (कापडी चाक), मग रूज (चमक आणणारी लाल भुकटी), आणि अगदी शेवटच्या हाताला लोलकाच्या कडेशी जांभळट राखाडी ढग उमटतो. दिव्याखाली पांढरा कागद धरून त्याचं प्रतिबिंब चांदीत पाहिलं, तर हा ढग हमखास सापडतो. आजूबाजूचा भाग आरशासारखा आणि मध्येच मळकट बेट. कापडाने पुसून ते जात नाही, कारण तो मळ नव्हेच.

उपाय आहेत, पण सगळे कष्टाचे. पुन्हा ४०० नंबरच्या पेपरवर जाऊन डागाच्या खालपर्यंत घासायचं, म्हणजे नक्षीच्या कडा बोथट होणार आणि आधीच पातळ असलेला पत्रा आणखी पातळ होणार. किंवा वस्तू राखाडी होईपर्यंत हलकी तापवायची, आम्लात टाकायची, ब्रशने घासायची आणि हे पाच-सहा वेळा करून वर शुद्ध चांदीचा थर आणायचा. तो थर इतका पातळ असतो की नंतर बफ लावला तर उडतो. गुळगुळीत पोलादी घोटणीने घोटूनच चमक आणावी लागते. डाग पडूच नये म्हणून बोरिक ॲसिड स्पिरिटमध्ये कालवून वस्तू त्यात बुडवतात आणि स्पिरिट पेटवून देतात. मागे पांढरा लेप राहतो, तो ऑक्सिजन अडवतो. लेप चांगला काम करतो, पण दर डाखाच्या (वितळत्या मिश्रधातूने केलेल्या जोडाच्या) आधी नव्याने द्यावा लागतो. शिवाय स्पिरिटची बरणी झाकण लावून टॉर्चपासून लांब ठेवायचं भान घरच्या टेबलावर सतत ठेवावं लागतं. ज्या दागिन्याला तीन-चार डाख आहेत, तो तितक्या वेळा तापतो आणि डाग तितका खोल जातो.

९९९मध्ये तांबंच नाही, त्यामुळे हा सगळा अध्याय गळतो. तापवली तरी पांढरीच राहते, फक्त चमक मंदावते. डाख नीट वाहावा म्हणून टाकणखार वापरला असेल तर त्याची काच काढण्यापुरतंच आम्ल लागतं.

दुसरा फायदा उष्णतेचा. हार्ड डाख साधारण ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास वाहतो, बनवणाऱ्यागणिक थोडं इकडेतिकडे. ९२५ सुमारे ८०० अंशांना वितळायला लागते. म्हणजे हातात पन्नासेक अंशांची सवलत. छोट्या टॉर्चने बारीक तार आणि जाड पत्रा एकत्र जोडताना तार आधी वितळते ती याचमुळे. ९९९ जवळपास ९६२ अंशांवर वितळते, म्हणजे दोनशे अंश मोकळे. नवशिक्याचा हात एवढ्या फरकात सावरतो.

आणि साखळीच्या कड्या करायच्या असतील तर डाखही नको. १८ गेजची (१.०२ मिमी) ९९९ तार दांड्यावर गुंडाळायची, करवतीने कड्या कापायच्या, टोकं अशी जुळवायची की उजेडापुढे धरल्यावर फट दिसू नये. कडी कोळशावर ठेवून ज्योत गोल फिरवत पूर्ण कडी सारखी तापवायची. आधी ती फिकट नारिंगी होते, मग अंगावर पाऱ्यासारखी झळाळी धावते. त्या क्षणी ज्योत जोडावरून एकदा न्यायची आणि लगेच उचलायची. एक सेकंद उशीर झाला तर कडीचा गोळा. फट राहिली असेल तर टोकं एकमेकांकडे न येता मागे सरकतात आणि दोन गुटगुटीत मणी होतात. फक्त जोडावर ज्योत धरली तर तिथे तार बारीक होते, आणि साखळी पुढे तिथेच तुटते. ९२५वर हीच युक्ती नेमाने जमत नाही: वर ऑक्साइड चढतो, आणि ती एकदम न वितळता सुमारे ८०० ते ८९० अंशांच्या दरम्यान खिरीसारखी मऊ पडत जाते.

आता ९९९च्या विरुद्ध जे आहे तेही स्पष्टच. अंगठीला ती मला पटत नाही. रोज वापरातली बारीक अंगठी पिशवी उचलताना अंडाकृती होते. पोलादी छर्‍यांबरोबर ड्रममध्ये एक-दोन तास फिरवली तर थोडी टणक होते, पण ९२५ची स्प्रिंग तिला येत नाही. उपाय म्हणून २० गेजऐवजी १८ वापरली, तर व्यास ०.८१वरून १.०२ मिमी होतो आणि वजन दीडपटीच्याही थोडं वर जातं. लोलकाला ते चालतं, लांब झुमक्यांना कानाची पाळी तक्रार करते. कानातली आकडी, फासे आणि उघडे कडे यांना ९२५च हवी. आकडीसाठी २० गेज बरी. उलट खड्याच्या कोंदणाची पट्टी २६ ते २८ गेज ९९९मध्ये काढावी. ती खड्यावर दाबली की तिथेच बसते, मागे उसळत नाही.

काळसर, जुन्या धाटणीचे दागिने करणार असाल तर मात्र माझा बराचसा मुद्दा निकालात निघतो. गंधकाच्या द्रावणात काळे करून उंचवटे घासले की डाग त्या काळोखात लपून जातो. मग ९२५ घ्या, स्वस्त पडेल आणि टिकेल.

जर्मेनियम मिसळलेली अर्जेंटियम चांदी हा तिसरा मार्ग. डाग पडत नाही, कड्या जोडल्या जातात, टणकही होते. अडचण अशी की लाल असताना ती ठिसूळ असते. चिमट्याने हलवली किंवा त्या अवस्थेत पाण्यात टाकली तर तडकू शकते. लाली पूर्ण जाईपर्यंत हात बांधून बसायची तयारी असेल आणि ती नियमित मिळत असेल, तर जरूर पाहा.

विक्रीच्या वेळी ग्राहक शिक्का पाहतो आणि बहुतेकांना ९२५ हा आकडा ओळखीचा असतो. ९९९ म्हटलं की ‘मग वाकेल ना?’ हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. एकाच दागिन्यात दोन्ही वापरल्या असतील तर कमी शुद्धतेचा आकडा सांगावा. डाखाचंही तेच. हार्ड डाखात चांदी साधारण पाऊण हिस्सा असते, त्यामुळे डाख भरपूर असलेल्या वस्तूला ९९९ म्हणणं बरोबर नाही. शिक्क्याचे नियम जिथे विकणार तिथले आधी पाहून घ्यावेत. किंमत ठरवताना केवळ धातूचा भाव धरला तर ९२५ जिंकते. पॉलिशचे तास धरले तर माझ्या अंदाजाने साध्या, चकचकीत लोलकांत ९९९ बरोबरीला येते किंवा थोडी पुढेच.

तुकड्यांचा हिशेबही यातच येतो. ९९९चे डाख न लागलेले तुकडे कोळशावर वितळवले की गोल मणी होतात, तेच पुढच्या कामात सजावटीला लागतात. ९२५चे तुकडे वितळवताना तांबं जळतं, आणि त्यात डाखाचे कण मिसळले असतील तर शुद्ध करून आणण्याशिवाय गत्यंतर नसतं. दोन डबे वेगळे ठेवा, चिठ्ठी लावून. एकदा मिसळले की नजरेने वेगळे करता येत नाहीत.

काळी दोन्ही पडतात, ९२५ लवकर. हवेतल्या गंधकाशी चांदी संयोग पावते, म्हणून हवाबंद पिशवी हाच खरा इलाज, आणि रबरबँड किंवा लोकर त्या पिशवीत नको. ॲल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाणी यांनी काळेपणा मिनिटभरात उतरतो, पण मोती, फिरोजा, चिकटवलेले खडे आणि मुद्दाम काळं केलेलं काम त्यात बुडवू नये. दागिन्याबरोबर ग्राहकाला चिठ्ठी देणार असाल तर हे शेवटचं वाक्य तिच्यावर सगळ्यात वर लिहा. ‘तुमचा दागिना अचानक पांढरा झाला’ ही तक्रार बहुधा तिथूनच येते.