सीजीएचएस कार्ड की महिन्याला हजार रुपये?

केंद्र सरकारच्या निवृत्तांपुढे हा प्रश्न येतोच: सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड घ्यावं की महिन्याचा वैद्यकीय भत्ता? पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात राहत असाल तर फार डोकं लावू नका, कार्ड घ्या. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की ते आयुष्यभर चालतं. पगाराच्या लेव्हल ६ वरून निवृत्त झालेल्यांना महिना ४५० च्या हिशेबाने ५४,००० रुपये लागतात. आकडा ऐकून पोटात गोळा येतो खरा, पण योजनेच्या पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात पेन्शनरला कॅशलेस उपचार मिळतात. एक अँजिओप्लास्टी झाली तरी वसूल! शिवाय २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना तिथल्या तज्ज्ञांकडे रेफरलशिवाय थेट जाता येतं. पूर्वी ही सवलत पंच्याहत्तरीनंतर होती.

गोळ्यांसाठी वेलनेस सेंटरच्या, म्हणजे योजनेच्या दवाखान्याच्या रांगेत मात्र उभं राहावं लागतं.

वैद्यकीय भत्ता सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. २०१७ मध्ये तो ५०० वरून १,००० झाला. बिलं जोडायची भानगड नाही, पण तो फक्त ओपीडीपुरता. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि एखादी तपासणी, संपले पैसे.

अशा हद्दीबाहेरच्यांनी वर्गणी भरून रुग्णालयात दाखल होण्यासाठी कार्ड आणि ओपीडीसाठी भत्ता, असं दोन्ही घ्यावं. नियमात बसतं, तरी पुष्कळांना माहीतच नसतं.