मिनिझिंकचे परीक्षण: परीक्षेच्या ड्युट्या लावून पाहिल्यावर

महाविद्यालयाच्या परीक्षा समितीवर ज्यांनी काम केले आहे त्यांना हे सांगायला नको की, सेमिस्टरच्या परीक्षेत सुपरव्हिजनच्या ड्युट्या लावणे हे प्रश्नपत्रिका काढण्यापेक्षा अवघड आणि अधिक वैर ओढवून घेणारे काम आहे. आमच्याकडे ४२ शिक्षक आहेत, परीक्षा ११ दिवस चालते, रोज सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे असतात आणि या २२ सत्रांत मिळून २६० ड्युट्या भरायच्या असतात. ज्या विषयाचा पेपर आहे त्या विषयाच्या शिक्षकाला त्या वेळी ब्लॉकवर (परीक्षेच्या खोलीवर) पाठवायचे नाही, एकाच दिवशी दोन्ही सत्रे कोणाच्या वाट्याला येऊ द्यायची नाहीत, उत्तरपत्रिका तपासायला कॅपला, म्हणजे केंद्रीय मूल्यांकनाला, गेलेल्यांना त्या दिवसांपुरते वगळायचे आणि शेवटी कोणाच्याही ड्युट्यांची बेरीज दुसऱ्यापेक्षा एकाहून जास्तीने वेगळी असता कामा नये, असे आमचे नियम आहेत. कित्येक वर्षे मी हे काम एक्सेलच्या तक्त्यात रंग भरून करत होतो आणि प्रत्येक वेळी अठराव्या सत्राशी आल्यावर आधीची सहा सत्रे पुसावी लागत. गेल्या दोन सेमिस्टरांपासून हेच काम मी मिनिझिंक या संगणकीय भाषेकडून करून घेतो आहे. हे परीक्षण त्या अनुभवावर लिहिले आहे.

मिनिझिंक ही डिक्लेरेटिव्ह भाषा आहे, म्हणजे तिच्यात उत्तर कसे काढायचे याची कृती लिहायची नसते, तर उत्तर कसे असले पाहिजे एवढेच लिहायचे असते. झिंक नावाच्या एका मोठ्या भाषेचे आटोपशीर रूप म्हणून ती २००७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात तयार झाली आणि आज मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून तिचा विकास होतो. ती विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि तिच्यासोबत लिहिण्यासाठी व चालवण्यासाठी एक साधा संपादकही मिळतो. ज्यांना संगणकावर काही बसवायचे नाही त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे. मिनिझिंक स्वतः कोडे सोडवत नाही, ही गोष्ट मात्र सुरुवातीलाच समजून घ्यावी. आपण लिहिलेल्या अटी ती फ्लॅटझिंक या सपाट रूपात आणते आणि उत्तर शोधणाऱ्या, सॉल्व्हर नावाच्या वेगळ्या कार्यक्रमाकडे (प्रोग्रामकडे) सोपवते. जीकोड, चफ्ड आणि सीबीसी हे सॉल्व्हर सोबतच येतात. त्यांच्या पद्धती एकमेकांपासून पार वेगळ्या आहेत, तरीही आपले लिखाण तेच ठेवून केवळ यादीतून नाव बदलले की दुसरा सॉल्व्हर कामाला लागतो.

मिनिझिंकच्या शिकवणीत पहिले उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या नकाशाचे आहे: शेजारच्या दोन राज्यांना एकच रंग येऊ न देता सगळा नकाशा रंगवा. हात बसावा म्हणून मी तेच महाराष्ट्राच्या सहा महसुली विभागांवर करून पाहिले. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर यांच्यासाठी सहा चले आणि विभाग एकमेकांना लागून असलेल्या आठ जोड्यांसाठी आठ ओळी, एवढाच सगळा मजकूर झाला. दोन रंग दिले तेव्हा ‘अनसॅटिस्फायेबल’, म्हणजे सगळ्या अटी एकत्र पाळणे अशक्य, असे उत्तर आले, आणि ते बरोबरच होते, कारण कोकण, पुणे आणि नाशिक हे तिघेही परस्परांना खेटून आहेत. तीन रंग दिल्यावर १२ उत्तरे मिळाली. ही संख्या पाहून मी आधी खूश झालो, पण कागदावर मांडले तेव्हा दिसले की यातली खरी उत्तरे दोनच आहेत. संभाजीनगरला कोकणचाच रंग घ्यावा लागतो, अमरावतीला पुण्याचा, आणि निवड उरते ती फक्त नागपूरला. बाकी सगळी उत्तरे म्हणजे लाल, हिरवा आणि पिवळा यांची अदलाबदल होती. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुढे ड्युट्यांच्या वेळी चांगलीच महागात पडली.

ड्युट्यांचे पहिले मॉडेल (चले आणि अटी यांची मांडणी) मी माणसाच्या सवयीने लिहिले, म्हणजे प्रत्येक सत्रातल्या प्रत्येक ब्लॉकसाठी एक चल ठेवले आणि त्याची किंमत म्हणजे त्या ब्लॉकवरच्या शिक्षकाचा क्रमांक. अटी सगळ्या बरोबर होत्या, संपादकाने एकही चूक दाखवली नाही आणि संगणक रात्रभर चालूनही उत्तर आले नाही. कारण तेच होते, नकाशातल्या रंगांचे. एका सत्रात १२ ब्लॉक असतील तर तेच १२ शिक्षक त्यांच्यावर ४७,९०,०१,६०० प्रकारे बसवता येतात. आमच्या दृष्टीने हे सगळे प्रकार एकच होत, पण सॉल्व्हरला ते प्रत्येक वेगळे दिसतात आणि एक निष्फळ ठरला की तो तितक्याच निष्फळ अशा जुळ्या भावंडांचा शोध घेत राहतो. वास्तविक कोणाला कोणता ब्लॉक हे आमच्याकडे त्या दिवशी सकाळी चिठ्ठी टाकूनच ठरते, तेव्हा ते आधी ठरवायची काही गरजच नव्हती. म्हणून दुसऱ्या मॉडेलमध्ये फक्त एवढेच विचारले की अमुक शिक्षक अमुक सत्राला आहे की नाही. ४२ गुणिले २२ अशी ९२४ होय-नाहीची चले झाली. सगळ्या शक्यता मोजायच्या म्हटल्या तर ती २७९ अंकी संख्या होते, पण चफ्डने काही सेकंदांत पूर्ण वेळापत्रक दिले: ३४ जणांना सहा-सहा आणि आठ जणांना सात-सात ड्युट्या.

डिक्लेरेटिव्ह भाषांची जाहिरात करणारे ‘काय हवे ते सांगा, कसे ते यंत्र पाहील’ असे म्हणतात, ते माझ्या मते अर्धेच खरे आहे. काय हवे ते सांगण्याचेही अनेक प्रकार असतात आणि त्यातला कोणता प्रकार यंत्राला पेलेल हे कळण्यासाठी आत काय चालले आहे याचा अंदाज असावाच लागतो. तरीसुद्धा फरक मोठा आहे. एरवी मांडणी बदलायची म्हणजे शोधाची सगळी कृती नव्याने लिहावी लागली असती, इथे मात्र काम वीस-पंचवीस ओळींत आटोपले, आणि त्या ओळी मी परीक्षा समितीतल्या मराठीच्या प्राध्यापिकांना वाचून दाखवल्या तेव्हा त्यांनी एक अट सुटल्याचे लगेच ओळखले. जिचे लिखाण नियमावलीसारखे वाचता येते आणि ज्यातली चूक संगणकाचा गंध नसलेल्या माणसालाही सापडते, अशी भाषा मी पूर्वी वापरली नव्हती.

मिनिझिंकचा सर्वांत उपयोगी गुण मला उत्तर न मिळालेल्या दिवशी कळला. दुसऱ्या सेमिस्टरला सगळी माहिती भरून चालवल्याबरोबर ‘अनसॅटिस्फायेबल’ असे आले. एक्सेलच्या दिवसांत या ठिकाणी आम्ही एकमेकांच्या चुका काढत बसलो असतो, कारण जमत नाही म्हणजे खरोखर अशक्य आहे की आपल्याला साधत नाही, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नसे. मिनिझिंकसोबत फाइंडमस नावाचे एक साधन येते. परस्परांशी न पटणाऱ्या अटींचा लहानात लहान गट ते शोधून दाखवते, इतका लहान की त्यातली कोणतीही एक अट काढली तर उरलेल्यांत तंटा राहत नाही. आमच्या बाबतीत त्याने चार अटींवर बोट ठेवले. एका शुक्रवारी दोन्ही सत्रांत वाणिज्य शाखेचेच पेपर होते, त्यामुळे वाणिज्यचे १५ शिक्षक बाद झाले आणि २७ उरले. सकाळी १६ आणि दुपारी १२ असे २८ जण हवे होते आणि एका दिवशी दोनदा कोणालाही पाठवायचे नव्हते. एक माणूस कमी पडत होता, आणि हे साधे गणित २२ सत्रांच्या गर्दीत आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते.

कोणता नियम वाकवायचा हे अर्थातच मिनिझिंक सांगत नाही आणि ते तिने सांगूही नये. प्राचार्यांनी ‘एका दिवशी एकच सत्र’ ही अट सैल करायला मान्यता दिली. ती अट खोडून मी तिच्या जागी अशी ओळ लिहिली की एकाच दिवशी दोन्ही सत्रे लागलेल्यांची संख्या कमीत कमी ठेवावी. उत्तर आले तेव्हा अशी व्यक्ती एकच होती. मिनिझिंक प्रत्येक उत्तराखाली दहा आडव्या रेघा काढते आणि यापेक्षा चांगले उत्तर असूच शकत नाही हे सिद्ध झाले तरच त्यांच्याखाली दुहेरी रेघांची ओळ येते. त्या दुहेरी रेघांमुळे स्टाफरूममधली अर्धी चर्चा मिटली.

आता उणिवा. एक्सेलची फाइल मिनिझिंक थेट वाचत नाही. माहिती तिच्या स्वतःच्या पद्धतीने किंवा जेसन या माहिती मांडण्याच्या प्रचलित पद्धतीने द्यावी लागते, त्यामुळे मला मधला एक छोटा पायथन कार्यक्रम लिहावा लागला. मॉडेल आणि माहिती वेगवेगळ्या फाइलींत ठेवण्याची सोय मात्र उत्तम आहे. पुढच्या सेमिस्टरला मॉडेलला हात न लावता फक्त माहितीची फाइल बदलली की भागते. उत्तर छापण्याचा भाग कंटाळवाणा आहे. सुबक तक्ता हवा असेल तर त्यासाठी झटण्यापेक्षा स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे बाहेर काढावेत आणि तक्ता एक्सेलमध्येच करावा. शिक्षकांना मी क्रमांक दिले आणि त्यांची देवनागरी नावे मजकुराच्या वेगळ्या यादीत ठेवली, तेवढ्याने काम चालले. नवशिक्या माणसाला सर्वांत जास्त अडखळवणारी गोष्ट म्हणजे आधीच ठाऊक असलेली किंमत आणि सॉल्व्हरने शोधायची किंमत यांतला भेद. तो चुकला की किमतींचे प्रकार (टाइप) जुळत नसल्याचा जो संदेश येतो, तो ज्याला भेद आधीच कळला आहे त्यालाच समजण्यासारखा असतो. शोधायच्या प्रत्येक संख्येला खालची आणि वरची मर्यादा न चुकता द्यावी, हा सल्ला मी शिकवणीच्या पहिल्या पानावर घातला असता.

याच जातीच्या इतर साधनांबद्दल थोडेसे. साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही डिक्लेरेटिव्ह भाषा आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक कार्यालयात कळत-नकळत वापरली जाते, पण ती आहे त्या माहितीतून निवड करते, नसलेले वेळापत्रक जुळवणे हे तिचे काम नव्हे. १९७२ साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरात जन्मलेली प्रोलॉग ही भाषा हे काम करू शकते आणि नातेसंबंध, व्याकरण, कायद्यातली कलमे अशा विषयांत ती अधिक शोभते. मात्र तिच्यात ओळींचा क्रम बदलला की कार्यक्रमाचे वागणे बदलू शकते, आणि तो विचार ड्युट्या लावणाऱ्याच्या डोक्यावर लादणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्याकडे गुरोबी किंवा सीप्लेक्स यांसारखे विकतचे सॉल्व्हर आहेत त्यांना तेही मिनिझिंकमधून चालवता येतात. आमच्या आकाराच्या कामाला त्यांची गरज पडली नाही. शिकण्यासाठी कोर्सेरावर मेलबर्न विद्यापीठ आणि हाँगकाँगचे चायनीज विद्यापीठ यांनी मिळून केलेला अभ्यासक्रम आहे. त्याचे पहिले काही धडे केले तरी शाळेचे वेळापत्रक, रुग्णालयातील पाळ्या किंवा छोट्या कारखान्यातील यंत्रांची कामे इथपर्यंत मजल जाते.

एक तक्रार मात्र आली आणि ती रास्त होती. सात ड्युट्या मिळालेल्या आठांपैकी एका मॅडमनी विचारले, ‘सर, मलाच सात का?’ अशक्य का आहे हे मिनिझिंक सांगू शकते, पण शक्य असलेल्या हजारो उत्तरांतून हेच का निवडले हे ती सांगत नाही. शिक्षकांची यादी कोणत्या क्रमाने दिली यासारख्या किरकोळ गोष्टीचाही त्या निवडीवर परिणाम होऊ शकतो. गेल्या वेळच्या ड्युट्यांची संख्या आता मी माहितीच्या फाइलमध्ये ठेवतो आणि मॉडेलमध्ये एक ओळ वाढवली आहे: ज्याला मागच्या वेळी सात होत्या त्याला या वेळी सहाच.