रिचर्डसनचे पाय की स्ट्राउडचा नेम?

क्वार्टरबॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधे बॉल फेकून खेळ चालवणारा खेळाडू, निवडताना पळणारे पाय बघायचे की नेम? २०२३ चा एनएफएल ड्राफ्ट आठवून बघा, म्हणजे तिथल्या लीगच्या टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात तो. फ्लोरिडाचा अँथनी रिचर्डसन, वजन २४४ पाउंड आणि तरी ४० यार्ड ४.४३ सेकंदात पळाला, म्हणून कोल्ट्स टीमने चौथ्या नंबरला उचलला. पण कॉलेजमधे सुरुवातीपासून खेळलेल्या मॅचेस फक्त १३ आणि शेवटच्या सीझनला पूर्ण झालेले पास ५४ टक्क्यांच्या आसपास, हे मला तेव्हाही खटकत होतं.

दुसरीकडे ओहायो स्टेटचा सी. जे. स्ट्राउड. याचं नाव वेगासाठी कुणी घेतलं नाही, बॉल मात्र जिथे हवा तिथे, वेळेवर. टेक्सन्स टीमकडे पहिल्याच वर्षी ऑफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर (आक्रमणातला वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू) झाला, आणि रिचर्डसन ४ मॅचेसनंतर खांद्याच्या दुखापतीने बाहेर, २०२४ मधे तर त्याचे निम्मे पासही पूर्ण होईनात.

आता कुणी म्हणेल क्वार्टरबॅक जॉश ॲलनचं काय, वायोमिंगच्या कॉलेजमधे त्याचाही नेम ५६ टक्केच होता आणि पुढे एमव्हीपी (लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू) झाला. बरोबर आहे, पण त्याला सुधारायला त्याच्या बिल्स टीमने दोन-तीन वर्षं दिली, इतका धीर फार कमी टीम्स धरतात.

माझ्या मते आधी नेम आणि समोरचा डिफेन्स काय करणार ते ओळखण्याची समज बघा, पाय त्यानंतर. ठरलेला डाव फिसकटला की पाय लागतातच, जॉर्जियाविरुद्ध कॉलेजच्या पीच बोल मॅचमधे स्ट्राउडनेही पळून दाखवलं होतं.