सोलरच्या गरम पाण्याची पाइपलाइन: १६ महिन्यांनंतर

एप्रिलात गच्चीवरचा एल्बो (पाइप वळवणारा कोपऱ्याचा जोड) फुटला आणि टाकीतलं २०० लिटर पाणी पन्हाळीतून गल्लीत गेलं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही लातुरात घागरी घेऊन रांगेत उभे होतो. ते वाहतं पाणी बघून जीव तुटला.

पाइप सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचा, आयएसआय मार्कचा. दुकानदारानं हात वर केले: "वॉरंटी पाइपाची, जोडाची नाही." मीही तेव्हा पाइपालाच दोष दिला. पहिल्या हिवाळ्यात हीच लाइन चौघांना सुचवली होती, त्यांना फोन करून सांगितलं की घेऊ नका.

तो सल्ला आता मागं घेतो. एल्बो फुटायच्या आधी लग्नासाठी आठ दिवस गावाकडं होतो. वापर नाही, वर ऊन, व्हॅक्यूम ट्यूबचं (सोलरच्या पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्यांचं) पाणी उकळत राहिलं. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंतच चालतो. त्यात गच्चीवर ९ मीटर सरळ लाइन, क्लॅम्प आवळून बसवलेले. तापमान ५० अंशांनी चढलं की एवढा पाइप जवळजवळ ३ सेंटिमीटर लांबतो. जागाच नाही म्हटल्यावर ताण कोपऱ्यावर आला. एल्बोची चीर नखाला लागत होती. गरम पाण्याचा दुसरा प्लास्टिक पाइप, साधा पीपीआर, तर याच्या दुपटीहून जास्त लांबतो. आता मधे यू आकाराचा लूप टाकलाय, क्लॅम्प सैल ठेवलेत आणि बाहेरगावी जाताना ट्यूबवर ताडपत्री टाकतो.

पण माझा खरा राग एक इंची पाइपावर आहे. मिस्त्री म्हणाले, "मोठाच टाका, प्रेशर मिळंल." टाकीपासून स्वयंपाकघर १८ मीटर. एक दिवस पहाटे लिटरच्या मापानं मोजलं: हाताला कोमट लागेपर्यंत साडेसात मापं गार पाणी गेलं. नळ बंद केला की तेवढंच गरम पाणी पाइपात अडकून गार होतं. दिवसातून दोनदा धरलं तरी महिन्याला ४५० लिटर! आमच्या घरी कपडे धुतलेलं पाणीसुद्धा झाडांना जातं.

दुरुस्तीत स्वयंपाकघराला वेगळी अर्धा इंची लाइन काढून घेतली, वर नायट्राइल रबरचं आवरण. आता तीन मापांत गरम पाणी येतं. भांड्यांना धार पुरते. वरच्या बाथरूमला मात्र अर्धा इंच टाकू नका. टाकी जेमतेम पाच फूट वर असल्यानं शॉवर नुसता टिपकत होता, तिथं पाऊण इंचच लागला.