परळमधील एका ख्रिस्ती रुग्णसेवा केंद्राविषयी

परळच्या रुग्णालयांबाहेर पदपथावर दिवस काढणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना एक ख्रिस्ती संस्था जवळच दुपारचे जेवण देते आणि औषधांसाठीही मदत करते. माझ्या मामांवर टाटा रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे उपचार सुरू असताना आम्हाला या केंद्राचा मोठा आधार झाला.

येथील खरी आस्था स्वयंपाकघरात दिसते. ज्याच्या नाकातून नळी घातली आहे, त्याला वरण-भाताच्या ताटाचा काय उपयोग? अशा रुग्णांसाठी तांदूळ आणि मुगाच्या डाळीची पेज वेगळी शिजवून, दोनदा गाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात दिली जाते. रुग्णाला उशांच्या आधाराने बसते करून सिरिंजने पेज सावकाश कशी सोडायची आणि नंतर पाणी सोडून नळी कशी साफ ठेवायची, हे तेथील सिस्टर समोर करून दाखवतात. मामींनी दोनदा विचारले तरी त्यांच्या कपाळावर आठी दिसली नाही.

संस्था धर्मप्रचारही करते आणि ते लपवत नाही. जेवण साडेबाराला असते. प्रार्थना तीन वाजता वरच्या मजल्यावर होते आणि तिला येणे ऐच्छिक आहे, असे दारावरच्या फलकावर मराठी-हिंदीत लिहिलेले आहे. नोंदवहीत केस पेपरचा क्रमांक घेतात, धर्म विचारत नाहीत. या स्पष्टपणाला मी फार महत्त्व देतो. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा व मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढले, तेव्हा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याची हमी दिली होती. परंतु सदन पुण्याला गेल्यावर मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला, १८९३ मध्ये समाजसुधारक न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. सदनातील शिक्षणाबद्दल तक्रार नव्हती, तरीही विश्वास उडाला.

म्हणूनच एक गोष्ट खटकली. औषधांच्या पिशवीत धर्मपत्रिका घातलेली असते. आमच्या शेजारच्या, अक्षरओळख नसलेल्या एका गृहस्थांनी ती रुग्णालयाचा कागद समजून फाइलीत जपून ठेवली होती. पत्रिका टेबलावर ठेवाव्यात, ज्याला हवी तो घेईल. मी व्यवस्थापकांना तसे लेखी कळवले आहे.

रविवारी उपासनेमुळे स्वयंपाकघर बंद असते. नळीच्या रुग्णांसाठी शनिवारी पेजेचे कोरडे पीठ मिळते, मात्र ते आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते.